कोपऱ्यातलं नाव

दिग्रसच्या माझ्या नेटकॅफेत तो पेंटर एकदाच आला. बुद्धविहारातल्या वाचनालयाची वेबसाइट मी फुकटच्या होस्टिंगवर टाकत होतो आणि वर वाचनालयाचं नाव तिथल्या लोकांना त्याच्याच अक्षरात हवं होतं. त्याने ओठांनी ब्रशला टोक काढलं आणि श्वास रोखून कागदावर नाव रंगवलं. मी ते स्कॅन करून लावलं.

पान नेटवर उघडलं तसा तो म्हणाला, "आता खाली कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव टाका ना भाऊ. बोर्ड रंगवला का आमी टाकतोच."

मी खुशीत माझं टाकलं. त्याने कोपरा वाचला, ब्रश पुसला आणि "बरं हाय" म्हणून निघाला.

लोक आजही विचारतात, अक्षरं कोणाची? तो मारेगावकडचा होता, एवढंच वाचनालयवाल्यांना ठाऊक. कोपरा बदलायला दोन मिनिटं लागतील. पण त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.