दोऱ्यानं घेतलेलं माप

मी पोती शिवणारा माणूस. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं तुरीच्या, सोयाबीनच्या भरल्या पोत्यांची तोंडं दाभणानं बंद केली. शाळा चौथीतच सुटली, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. पण माझा टाका कधी उसवला नाही, हे अडत्यानंसुद्धा चारचौघांत सांगितलेलं आहे. असल्या माणसानं नांदेडच्या दवाखान्यात बसून मोसंबीएवढ्या डोक्याची टोपी शिवली. ती का शिवावी लागली ते आधी सांगतो, कारण चूक माझी आहे.

लेक लातूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. बायको तीन वर्षांखाली वारली. जावई फोनवर म्हणाले, "मामा, डॉक्टर प्रवास नको म्हणून राहिलेत. अन् तिकडं बघायला बाईमाणूस कोण हाय?" ते शेवटचं मला झोंबलं. म्हणलं, "तिची आई मेली, बाप अजून जित्ता हाय." सातवा लागला तसा एसटीनं गेलो आणि एसटीनंच तिला घेऊन आलो. वाटेत ती दोनदा म्हणाली, "बाबा, पाठ लई दुखून राहिली." मी म्हणलं, "तुझ्या आईनं नवव्या महिन्यात कापूस वेचला." तिसऱ्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या. नांदेडला नेलं. तिथं मुलगी झाली. अकराशे ग्रॅम.

पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं. आत फक्त तिच्या आईला सोडायचे. जावई लातूरहून आले, लेकीशी बोलले, आणि माझ्याकडं न बघता व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन बसले. मी या टोकाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "टोपी आणा. एवढ्या लहान लेकराची ऊब डोक्यातनंच जाते." मी बाजार पालथा घातला. सगळ्यात लहान टोपी दाखवा म्हणायचो, तर त्या टोपीत आमची अख्खी पोर मावली असती. एका दुकानदारानं विचारलं, "आजोबा, बाहुलीसाठी पायजे का?" मी पायऱ्या उतरलो. सुई आणि दोऱ्याचं रीळ घेतलं. पिशवीत जुनं धोतर होतं, ते फाडलं. तान्ह्या लेकराला कोरं कापड लावत नाहीत, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लागतं, एवढं बायकोच्या तोंडून कधीतरी ऐकलं होतं.

राहिलं माप. दोरा लेकीच्या हातात दिला. म्हणलं, "डोक्याभोवती धर आणि गाठ मार."

ती मागं सरली. "तान्ह्या लेकराला मोजत्यात का बाबा? मोजलेलं कमी होतंय."

तसं आमच्यात म्हणतात खरं. पण मी ओरडलो, "सिस्टर रोज काट्यावर ठेवती, ते चालतंय तुला?" सगळा व्हरांडा बघायला लागला. ती रडत आत गेली आणि गाठ मारून दोरा घेऊन आली.

दाभण मुठीत धरतात. ही सुई मला बोटांत सापडेना. शेजारी देगलूरकडचा एकजण बसला होता. तो म्हणाला, "काय पाव्हणं, बायकांचं काम कवापासनं धरलं?"

"दाभण आणू द्या गावाकडनं," मी म्हणलं, "आधी तुमचंच तोंड शिवून देतो."

माणसं हसली. जावई हसले नाहीत.

पहिली टोपी मी दिसायला नामी केली. टाके सगळे आत दडवले. सिस्टरनं ती तशीच परत आणली. "आजोबा, हे पोतं हाय का? टाके टोचतेत तिला. शिवण बाहेरून घ्या अन् जराशी लहान करा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर पोत्याची शिवण बाहेरूनच घेतली, आणि इथंच देखणेपणाच्या नादात आत घेतली. दुसरी शिवली. ती बसली.

चौथ्या दिवशी सिस्टरनं बदलायला अजून एक मागितली. नवा दोरा आला तो आखूड. मी म्हणलं, "नीट धरला न्हाईस."

"नीटच धरला, बाबा."

दोन्ही दोरे मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. नखाएवढा फरक होता. सिस्टर म्हणाली, वजन नऊशे ऐंशीवर आलंय, सुरुवातीला उतरतंच. पण मोजायला मी लावलं होतं. एसटीत मी बसवलं होतं. त्या मापाची टोपी शिवली. दोन दिवसांनी आणखी आखूड दोरा आला. त्याचीही शिवली. लेकीनं विचारलं, "किती कमी हाय?" मी दोरा मुठीत दाबून म्हणलं, "तेवढाच हाय." टोपी हातात घेतल्यावर तिला कळलंच असणार. ती टोपी घेऊन आत गेली.

कंधारची एक मुसलमान आजी समोर बसायची. तिचा नातूही आत पेटीत. ती जवळ येऊन म्हणाली, "भाई, मेरे पोते कू बी एक सी देव ना. बाजार में कुछ नै मिलरा."

मी म्हणलं, "कापड न्हाई."

कापड होतं. पोरीसाठी फाडलेलं दुसऱ्याला दिलं तर तिच्या वाट्याचं काही जाईल, असं डोक्यात बसलं होतं. बाई परत समोर जाऊन बसली. मला तिच्याकडं बघवेना. शेवटी सिस्टरनं परत केलेली ती पहिली टोपी काढली, शिवण उसवून बाहेर घेतली आणि नेऊन दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली. "तुमारी बच्ची कू उमर लगे."

दोन दिवसांनी तिचा नातू गेला.

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. निघताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता शिव्याशाप देईल, आणि द्यायलाच पाहिजेत. ती वाकून म्हणाली, "आखिर तक सर गरम था उसका, भाई. मैं हात लगाके देखी." एवढं बोलून गेली. मी तिला आमच्या पोरीनं टाकलेली टोपी दिली होती.

त्यानंतर सुई हातात धरवेना. उठलो. तो व्हरांडा काही लांब नाही, पण मला मोंढ्याएवढा वाटला. जावयापुढं उभा राहिलो.

"चूक माझी हाय. मी तिला आणायला नको होतं."

हे मी आयुष्यात कोणाला म्हणलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

जावयांनी वर बघितलं. डोळे लाल. "आता म्हणून काय होतंय, मामा?"

खरंच होतं ते. काय होणार? बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो. तेवढ्यात लेक आतून आली. मी न सांगताच नवं माप घेऊन आली होती. मी खिशातला जुना दोरा काढला. मला गाठी जुळवता येईनात. जावयांनी दोन्ही दोरे माझ्या हातातून घेतले, गाठीला गाठ लावून ताणून धरले.

"कमी न्हाई," ते म्हणाले.

"वाढलंय का?" लेकीनं विचारलं.

"न्हाई. तेवढंच हाय."

कोणी हसलं नाही, कोणी रडलं नाही.

ही परवाची गोष्ट. पोर अजून पेटीतच आहे. कालचा दोराही तेवढाच होता. जावई माझ्याशी गरजेपुरतं बोलतात. मी बसून टोप्या शिवून राहिलो, आमच्या पोरीची एक आणि मागेल त्याची एक. सगळ्या सारख्याच, शिवण बाहेरून. पिशवीतलं धोतर संपलं तर अंगावरचं आहे. कापड नाही असं आता कोणाला सांगत नाही.