धाकटीचा आवाज पकडताना

लॉन्ड्रीतले सगळे त्यांना मावशी म्हणत. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात ती लॉन्ड्री होती आणि तिथल्या गरम रुळांच्या मशीनपाशी मावशींचा उभा जन्म गेला. एकीकडून ओली चादर आत सारायची, दुसरीकडून कडक झालेली ओढून घडी घालायची. वाफेने त्यांचा चेहरा कायम लाल असायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाई आपल्यावर चिडल्या आहेत. जुनी माणसं त्याला समजावत, त्या चिडल्या की लाल नाही, पांढऱ्या पडतात.

तशा पांढऱ्या पडलेल्या त्या घरच्यांनी एकदाच पाहिल्या, आई गेली त्या संध्याकाळी.

आईचं दुखणं छातीचं होतं. मावशींनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आईचं सगळं त्यांच्याच गळ्यात आलं, आणि त्यांनी ते कुरकुर न करता केलं. बहीण एकच, धाकटी. ती रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचायची. त्या दिवशी आईची धाप आवरेना, तेव्हा मावशींनी धाकटीला फोन केला. नेमक्या बातम्या सुरू होण्याच्या बेतात होत्या. धाकटीने त्या वाचून संपवल्या आणि मिळेल त्या गाडीने धावत आली. तोवर सगळं संपलं होतं. मावशींनी तिला दारातच गाठलं.

"इथे आई मरत होती आणि तू जगाच्या खबरी सांगत बसलीस."

धाकटी आत गेली. आईच्या पायाशी थोडा वेळ बसली आणि निघून गेली. तेव्हापासून दोघींचा अबोला. शहर एकच, पण एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. नातेवाइकांनी मध्ये पडून पाहिलं आणि हात टेकले.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. मावशींनी धाकटीचं तोंड पाहणं टाकलं, आवाज टाकला नाही. कामावरून आल्या की हातपाय धुवायच्या, चहा टाकायच्या आणि बातम्या लावायच्या. बातम्यांत काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. धाकटीला सर्दी झाली की त्यांना कळायचं. एखादा अवघड शब्द आला की ती आधी किंचित थांबायची, लहानपणी धडा वाचताना थांबायची तशीच. कुणी अचानक आलंच तर मावशी रेडिओ बंद करायच्या.

अशी बरीच वर्षं गेली. मावशी निवृत्त झाल्या. मग एके दिवशी धाकटीच्या रेडिओ केंद्राचं जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि पुढचं सगळं डिजिटल रेडिओवर गेलं. मावशींनी नवा संच आणला. दिसायला देखणा, पण त्यांच्या खोलीत तो बोलेचना. खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला. खिडकीला लोखंडी गज आणि बाहेर हातभर अंतरावर गोदामाची पत्र्याची भिंत. जुना रेडिओ खरखरायचा, पण त्या खरखरीतूनही माणूस पुरा ऐकू यायचा. हा नवा खरखरत नव्हता. हा शब्द गिळायचा. "आज सकाळी" म्हणून धाकटी जी गप्प व्हायची ती थेट "ठार झाले"लाच परत यायची. कोण ठार झाले, देव जाणे. कधी पाण्याखालून बोलल्यासारखी बुडबुड, कधी नुसती शांतता. मावशी संच उचलून खोलीभर फिरायच्या, कपाटावर ठेवायच्या, उशाशी ठेवायच्या. काही उपयोग होईना.

शेवटी त्या कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने संच उलटा करून पाहिला. मागे बाहेरचा अँटेना जोडायची जागा होती, म्हणजे काम होण्यासारखं होतं. त्याने दोन-तीन प्रकार समोर मांडले. एक साधी लांब तार, भिंतीला चिकटवायची. एक ओढून लांब करायची दांडी, बुडाला जड चकती. आणि एक काळी चपटी डबी, तिला विजेची जोडणी आणि हिरवा दिवा. मावशींना डबीच भारदस्त वाटली. तो तारेविषयी काही सांगू लागला होता, पण त्यांचं लक्ष दिव्याकडे होतं. त्यांनी डबी घेतली.

घरी येऊन जोडली. दिवा छान लागला. धाकटी मात्र आणखीनच तुटायला लागली. दुसऱ्या दिवशी मावशी डबी घेऊन परत दुकानात.

"मावशी, ही डबी जे येतंय ते मोठं करते," दुकानदार म्हणाला. "तुमच्या खोलीत मुळात येतच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून? उलट फ्रिजची न् ट्यूबलाइटची गडबड तेवढी मोठी होते."

त्याने डबी परत घेतली आणि साधी तार दिली. ती उभी लावा, आडवी नको, असं बजावलं. जमेल तितकी उंच, लोखंडापासून लांब, आणि गोदामाकडची नसेल अशी खिडकी असली तर तिथे. तशी खिडकी एकच होती, मोरीवरची, लहानशी, लाकडी चौकटीची. मावशी स्टुलावर चढल्या. गुडघे बोलत होते, तरी त्यांनी चौकटीच्या कडेला वरपासून खालपर्यंत तार चिकटवली आणि संच मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. संचाच्या छोट्या पडद्यावर सिग्नल दाखवणाऱ्या रेघा एकेक करून भरल्या.

संध्याकाळी धाकटी बोलू लागली आणि मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. इतका स्वच्छ आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. खरखर नाही, तुटणं नाही. कागद उलटल्याचंसुद्धा ऐकू येत होतं. आणि वाक्य संपलं की आणखी एक आवाज येत होता. बारीक शीळ घातल्यासारखी, आत ओढलेली हवा.

तो श्वास मावशींच्या ओळखीचा होता. आईच्या उशाशी बसून त्यांनी तो रात्रंदिवस ऐकला होता. इतकी वर्षं खरखरीखाली तो झाकला गेला असेल, की आत्ताच सुरू झाला होता, हे त्यांना ठरवता येईना.

त्यांनी लगेच काही केलं नाही. आपल्यालाच भास होतोय, अशी स्वतःची समजूत घातली. रोज कट्ट्यापाशी उभ्या राहून कानांत प्राण आणून ऐकत राहिल्या. शीळ कमी होण्याऐवजी वाढत गेली. अखेर एका दुपारी त्यांनी फोन उचलला. नंबर पाठच होता.

"मी बोलतेय."

"ओळखलं," धाकटी म्हणाली.

"तुला धाप लागते."

"कुणी सांगितलं?"

"ऐकू येतं."

धाकटीने हळूच विचारलं, "तू ऐकतेस?"

मावशींना हो म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवलंस का?"

दाखवलं होतं. आईचंच दुखणं, आणि खूप पुढे गेलेलं. स्टुडिओत तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. जमेल तोवर वाचायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

मावशी कपड्यांची पिशवी घेऊन तिच्याकडे राहायला गेल्या. धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, नीटनेटकं, एकट्या माणसाचं. नवऱ्यापासून ती कधीच वेगळी झाली होती. मावशींना हे नातेवाइकांकडून उडत उडत कळलं होतं. पहिले काही दिवस दोघी जेवण, औषध, अंघोळीचं पाणी याविषयीच बोलल्या. थोड्याच दिवसांत बातम्या सुटल्या, मग जिना सुटला, मग पलंग धरला.

एकदा पाठीमागे उशी लावताना धाकटी आपणहून म्हणाली, "फोन आला तेव्हा स्टुडिओतला लाल दिवा लागायच्या बेतात होता. उठले असते तर काय झालं असतं, याचा रोज विचार केला."

"तू पोचलीच नसतीस," मावशी म्हणाल्या. "तुझ्या बातम्या सुरू होण्याआधीच आई गेली होती."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पण जवळीकही नव्हती. "हे तेव्हा सांगायचं होतंस, ताई."

मावशींनी उशी सारखी केली. तो विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. धाकटी आणखी काही आठवडे होती. रात्री धाप लागली की ती मावशींचा हात शोधायची आणि तो सापडला की झोपायची. मावशींनी तेवढ्यावर समाधान मानलं.

ती गेली त्या दिवशी स्टुडिओतली माणसं आली. चांगली माणसं होती, मनापासून रडली. त्यांच्यातल्या एका बाईने मावशींना विचारलं, आपण शेजारी का. मावशी म्हणाल्या, सख्खी बहीण. बाई गोंधळली. इतकी वर्षं एका टेबलाशी बसून काम केलं, पण आपल्याला बहीण आहे हे धाकटी कधी बोलली नाही, असं ती म्हणाली, आणि लगेच ओशाळून माफी मागू लागली. मावशींनी तिचा हात थोपटला, असू दे म्हणाल्या, आणि आलेल्या लोकांसाठी पाणी आणायला आत गेल्या.