निखिलच्या कुप्या

वसुधा मॅडम नसत्या तर मी वरकुट्यातच राहिलो असतो. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. बारामतीच्या कॉलेजात त्यांनी मला एम.एस्सी.ला घेतलं, माझं इंग्रजी सुधारलं, जळोचीतल्या घरी कितीदा जेवायला बसवलं. आणि त्यांनाच जे सांगायला हवं होतं, ते मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आमचं काम समुद्री स्पंजांवर. खडकाला चिकटून राहणारा हा प्राणी. त्याच्या अर्कात पेशी मारणारं काही सापडलं, तर पुढे कर्करोगाच्या औषधाची आशा. पहिली चाचणी साधी — खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाच्या बारीक पिल्लांवर अर्क घालायचा, दुसऱ्या दिवशी मेलेली मोजायची. माझी मरायचीच नाहीत. सेमिनारला घाबरून मी गावचं बोललो, "हितं एकबी मेलं न्हाय."

झालं. माझ्याच वर्गातला निखिल वर्षभर तेच बोलून मला चिडवत राहिला. कँटीनमध्ये, जिन्यात, मुलींसमोर. एकदा वडील डबा घेऊन आले, तर त्यांनाही म्हणाला, "तात्या, तुमच्याकडं समदी असंच बोलत्यात व्हय?" वडील हसले. त्यांना वाटलं, पोरगं आपुलकीनं बोलतंय. ते हसणं — कसं विसरायचं?

'कमवा आणि शिका' योजनेत सगळ्यांच्या अर्काच्या कुप्या सुकवायचं काम माझ्याकडे होतं. अर्क मेथॅनॉल या विषारी द्रवात काढतात. ते पूर्ण उडालं नाही, तर पिल्लं त्यानंच मरतात. म्हणून सोबत नुसत्या मेथॅनॉलची एक कुपीही सुकवतात — तिच्यातली पिल्लं जगली, तर चाचणी खरी. ती कुपी मी कोरडी ठणठणीत केली. निखिलच्या अर्काच्या मात्र — अर्धवट सुकल्या असतानाच उचलल्या. वास येत होता. तो लपावा म्हणून मीच वर चाचणीचं खारं पाणी ओतलं.

त्याची सगळी पिल्लं मेली. मॅडमनी पेढे वाटले, अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथं तो पुन्हा नीट सुकवला गेला, आणि एकही पेशी मेली नाही. निखिलनं आकडे बनवले, असं ठरलं. त्याचा प्रकल्प रद्द झाला. "मॅडम, मी खरंच मोजलं होतं," म्हणत तो रडला. मी दारात काचेची भांडी पुसत होतो. मला गोड वाटलं — खोटं कशाला सांगू?

मग खोटे आकडे आपण पुढे पाठवले म्हणून मॅडमनी सगळ्या विभागाची माफी मागितली. तेव्हा माझी मान वर झाली नाही. पण बोललो का? त्यांच्याच शिफारशीवर मला नोकरी लागली.

परवा त्यांना लिहिलं:

"आदरणीय मॅडम,
निखिलनं मोजलेलं खरं होतं. त्याच्या कुप्यांत मेथॅनॉल मी मुद्दाम ठेवलं. त्याला रडताना बघायचं होतं, बघितलं. अजूनही त्याची कीव येत नाही. तुम्ही माफी मागितलीत, ती माझ्या कृत्याबद्दल होती. या पत्राची एक प्रत निखिलला आणि एक प्राचार्यांना पाठवली आहे. तिन्हींवर माझी सही आहे."