मावशीचे एकशे चव्वेचाळीस

माझी मावशी बासष्टाव्या वर्षी माणसं मारायला लागली. रोज दुपारी दोन ते चार, जेवण झाल्यावर, संगणकावर.

त्याआधी तेहतीस वर्षं तिने हॉस्पिटलात एक्स-रे काढले. "हलू नका. श्वास रोखा. सोडा." आयुष्यभर एवढंच बोलायला मिळाल्यामुळे उरलेलं सगळं ती घरी बोलायची. निवृत्त झाल्यावर लोकांनी सल्ले दिले: बाग कर, विणकाम शिक, चालायला जा. बागेत तिने आठवडाभरात चार कुंड्या संपवल्या. विणकामात एक मोजा झाला, तो कुणाच्याच पायात जाईना. चालायला गेली तर गुडघा बोंबलला. गुडघ्याचा एक्स-रे उजेडाला धरून तिने स्वतःच निकाल दिला, "याच्यात आता राम नाही. बसूनच काहीतरी करायला हवं."

मी नवा संगणक घेतला तेव्हा जुना, पण चांगला दणकट, तिच्याकडे दिला होता. त्यात बंदुकांचा एक खेळ राहून गेला होता. मावशीने तो उघडला, 'फ्रॅक्चर' असं टोपणनाव घेतलं आणि जगभरच्या अनोळखी लोकांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. महिन्याभरात ती बरी खेळायला लागली. मग एका जागी अडकली. भिंतीआडून कोणीतरी यायचा आणि तिने माउस हलवायच्या आत तिला आडवं करायचा.

"पडदा हळू आहे," मावशीने जाहीर केलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," काका वर्तमानपत्रातून म्हणाले. काका म्हणजे तिचे यजमान. विमा कंपनीत त्यांनी पॉलिसीमागची बारीक अक्षरं लिहिण्यात उमेदीची वर्षं घालवली. कमी बोलतात, पण घरात आलेल्या मिक्सरपासून थर्मामीटरपर्यंत प्रत्येक वस्तूची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.

पण मावशीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तिच्या संगणकाचा जुना पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचा. नवे पडदे एकशे चव्वेचाळीस वेळा बदलतात, काही त्याहून जास्त. चित्र जितकं भरभर बदलेल तितकी हालचाल सलग दिसते, आणि भिंतीआडचा माणूस केसभर आधी दिसतो. मावशीला तो केसभरच हवा होता.

आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रेता पंचेचाळिशीचा, टाय लावलेला, पोट सुटलेलं.

"या आजी, नातवासाठी बघताय?"

मावशीने त्याला पायापासून टकलापर्यंत न्याहाळलं. "मी तुमची आजी असेन, तर मला तुमच्या आईला चौदाव्या वर्षी जन्म द्यावा लागेल आणि तिला तुम्हाला तिसऱ्या. हिशेब जमतोय का बघा."

काका छताकडे बघायला लागले. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

विक्रेता सावरून म्हणाला, "मग साठाचाच घ्या, मॅडम. माणसाच्या डोळ्याला साठाच्या पुढे काही कळतच नाही."

"मग हे बाकीचे काय मांजरांसाठी ठेवलेत?"

त्यावर तो एकदम तीनशे साठाच्या पडद्याकडे धावला. हाच सर्वांत उत्तम, डोळ्यांचं पारणं फिटेल वगैरे. मावशीने त्याला अडवलं. "हलू नका," ती म्हणाली, आणि खरं सांगते, तो माणूस श्वास रोखून उभा राहिला.

मग तिने पडदे तपासले. तिच्याइतक्या गंभीरपणे लग्नाची स्थळंही कोणी तपासली नसतील. माउस गरगर फिरवून ती बाणाच्या मागे पडणाऱ्या ठशांकडे बघायची. साठावर ठसे विरळ, एकशे चव्वेचाळीसवर दाट. अक्षरांनी भरलेली खिडकी जोरात सरकवायची आणि मागे शेपूट राहतं का ते बघायची. एका महागड्या पडद्यावर काळ्या अक्षरांमागे धुरकट सावली ओढली गेली. "पेशंट हलला की फिल्मवर असंच येतं," ती म्हणाली. "हा बाद."

एकशे चव्वेचाळीस की दोनशे चाळीस, एवढाच प्रश्न उरला. मावशीने काकांना आकड्यांच्या चिठ्ठ्या झाकायला आणि दर वेळी पडद्यांची अदलाबदल करायला सांगितलं, स्वतः पाठ फिरवली, आणि दहा वेळा वळून ओळखलं. पाच बरोबर, पाच चूक.

"नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं," ती म्हणाली. "एकशे चव्वेचाळीसवाला बांधा."

पडदा घरी आला. मी तारा जोडल्या आणि पळाले, मला कामावर जायचं होतं. संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, लोणी आहे लोणी! माणूस कसा अलगद येतो, आणि अलगद मरतो!"

पुढचे तीन आठवडे तिने उच्छाद मांडला. जिंकत तर होतीच, वर येणाऱ्याजाणाऱ्याला पडद्यासमोर बसवून फरक दाखवायची. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दवाखाना बंद झाल्यावर वर ओढून आणलं. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं, आणि शेवटी म्हणाले, "हो हो, फारच." दात उपटणाऱ्यालाही जीव प्यारा असतो.

एका रविवारी मी तिथे होते. मावशी खेळून उठली, डाव जिंकलेला. "आता तरी पटलं का पडद्याचं?" तिने काकांना विचारलं.

"मला तर पहिल्यासारखंच दिसतंय," काका म्हणाले.

"तुम्हाला काय दिसणार? तुमचे डोळेच साठाचे!"

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. "माझे डोळे साठाचे असतील. पण तुझा पडदाही साठावरच चाललाय."

काकांनी सावकाश सांगितलं: नवा पडदा जोडला तरी संगणक आपणहून वेग वाढवेलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन साठाचे एकशे चव्वेचाळीस स्वतः करावे लागतात. पुस्तिकेत लिहिलंय, पान सतरा, तळाशी, बारीक अक्षरात.

मी सेटिंग उघडलं. साठ. माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, कारण तारा मीच जोडल्या होत्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मावशीने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी."

"आणि तीन आठवडे मूग गिळून बसलात?"

"तू खुशीत होतीस. जिंकत होतीस. घरात शांतता होती." काकांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. "म्हणजे, त्यातल्या त्यात."

मला वाटलं, आता पडदा खिडकीतून जातो आणि मागोमाग काका. पण मावशी परत खुर्चीत बसली. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसू फुटलं आणि ती खुर्चीत सरळ झाली.

"म्हणजे तीन आठवडे मी त्या पोरांना नुसत्या माझ्या जोरावर लोळवलं?"

"तसंच दिसतंय," काका म्हणाले.

"कर गं ते एकशे चव्वेचाळीस."

मी केले. मावशीने माउस एकदा गोल फिरवला आणि "अय्या" म्हणाली. हॉस्पिटलात हाडांचे चुरे बघितलेली बाई, तिच्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर चार दिवस ती सलग हरली. हात जुन्या वेगाला बसले होते, नेम सारखा पुढे जायचा. चार दिवस घरात कोणाची बिशाद नव्हती काही बोलायची. पाचव्या दिवशी नेम बसला आणि भिंतीआडून येणारे आडवे व्हायला लागले.

डॉक्टरांना मात्र तिने खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. परवा तेच जिन्यात भेटले आणि म्हणाले, तुमच्या मावशींचा पडदा पाहिल्यापासून मलाही घरचा पडदा अडखळल्यासारखा वाटतोय, कोणता घ्यावा? मी त्यांना मावशीकडे पाठवलं. ती त्यांना घेऊन शनिवारी दुकानात जाणार आहे.