मंगळवारची बैठक

आमच्या कॅन्सर वॉर्डात दर मंगळवारी दुपारी चादरींच्या खोलीत बैठक भरते. ज्या नर्सच्या मनात काही साचलंय तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. साहेबलोकांना हा टाइमपास वाटतो, वाटू दे. बैठक सुरू केली कौसल्याताईंनी. वॉर्डातल्या सर्वांत जुन्या सिस्टर, जिभेच्या तिखट. त्यांचा नियम एकच: बोलणारीचं पुरं होईपर्यंत कोणी समजूत काढायची नाही.

तो नियम त्यांनीच मोडला.

एका मंगळवारची गोष्ट. आदल्या दिवशी नुकत्याच लागलेल्या नूपुरच्या ड्युटीत दादाजी नावाचे पेशंट गेले होते. बैठकीत ती उठली, "दादाजी गेले तेव्हा मी..." म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ताईंनी तिला पोटाशी धरलं. "तुही काही चूक नाही वं पोरी. त्यायचे दिवसच भरले होते."

नूपुरनं डोळे पुसले आणि खाली बसली. आम्हाला वाटलं, हलकी झाली. आम्ही मेल्या कसल्या ऐकणाऱ्या!

दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. मग तिच्या आईचा फोन आला: पोरगी जेवत नाही, जगून काय करू म्हणते. ताईंनी मला बाजूला ओढलं. "कामिनी, तिले बोलायचं होतं. मीच तिचं तोंड बंद केलं."

नूपुरच्या गावी, कळमेश्वरला जाणाऱ्या बसमध्ये त्या हेच पुटपुटत होत्या. मला त्यांचा राग येत होता, आणि पोरीनं काही करून घेतलं तर, ही भीतीही वाटत होती.

नूपुर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताई खाटेजवळ जमिनीवर बसल्या. "त्या दिवशी मी तुहं ऐकलंच नाही. आता सांग. मी मधात बोलत नाही."

ती भिंतीकडेच बघत बोलली. "दादाजी आवाज देऊन राहिले होते, ताई. मले ऐकू येत होतं. ते सारखेच बोलवत. मी थकली होती. म्हटलं, बोलवू दे. मी गेली तं ते संपले होते. डोळे दाराकडेच होते." ती उठून बसली. "आता म्हणा ना, माही चूक नाही!"

म्हणून टाका हो ताई, मी मनात विनवत होते.

"होती वं," ताई म्हणाल्या. "जायले पाहिजे होतं."

नूपुरनं हंबरडा फोडला. आई धावत आली, तिला जवळ घ्यायला वाकली. ताईंनी आईचा हात धरला.

"थांबा बाई. तिचं अजून पुरं नाही झालं."