सुभेदारांची सकाळची हाक

वर्कशॉपच्या पत्र्यावर खडा आपटला की समजायचं, शेजारच्या सुभेदारांनी कानाला हेडफोन लावला. खड्यामागोमाग आवाज यायचा, "ए बाई, बंद कर ते वेल्डिंग!"

कुपवाडला आमचं शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप होतं. नवरा गेल्यावर ते मी चालवत होते. भिंतीपलीकडे सुभेदार. लष्करात बिनतारी संदेशाच्या कामावर होते. निवृत्तीनंतर रीतसर परवाना काढून त्यांनी घरावर लांबलचक तार ताणली होती. रोज सकाळी पलटणीतल्या जुन्या जोडीदाराशी ते मोर्सच्या खटक्यांनी बोलत. जोडीदार गढवालच्या खेड्यात, गावात फोन नाही. आमच्या वेल्डिंगमुळे त्यांच्या सेटमध्ये खरखर व्हायची, हे खरं. पण म्हणून मी सकाळचं काम का बुडवावं?

"जरा थांबलीस तर मरशील व्हय?"

"माझी माणसं काय तुमच्या परेडला उभी करू?"

हा आमचा रोजचा रामराम. असा शेजारी तुमच्याही नशिबी आला असेल. वीज मंडळात माझ्याविरुद्ध दोनदा तक्रार करून आला हा माणूस.

एक्याण्णवच्या सुमारास जोडीदाराला हृदयाचा झटका आला. अंथरुणाशेजारी सेट ठेवून तो कसाबसा दोन शब्द पाठवायचा. हे मला सुभेदारांच्या बायकोनं सांगितलं. ते स्वतः कशाला सांगतील? आणि नेमका तेव्हाच इकडे सुभेदारांचा सेट मुका झाला. सुभेदार तरातरा वर्कशॉपात घुसले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

मीही हट्टाला पेटले. "राहू दे बंद. जा, लावा आता तुमचा सेट."

सगळी यंत्रं थांबली. सेटमधून नुसता फुसफुसाट. गढवाल नाही, दिल्ली नाही, कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, सूर्यावर मोठं वादळ झालंय. मी पेपर नेऊन त्यांच्यापुढे आपटला.

"मला काय शिकवतीस? वर हवेचा थर असतोय. त्याच्यावर आपटून आमचा आवाज गढवालला पोचतोय. सूर्यानं त्यो थरच इस्कटून टाकलाय. वरची हवा तापून फुगलीया, तिच्यात घासून उपग्रहसुदीक खाली सरकत्यात."

"कळतंय ना? मग माझ्या वेल्डिंगवर का ओरडता?"

"मग काय सूर्याच्या दारात जाऊन वरडू?"

मी पेपर उचलला आणि परत आले.

वादळ सरलं. दिल्ली बोलू लागली, मद्रास बोलू लागलं. गढवाल बोलेना. त्या आठवड्यात मी वेल्डिंग उशिरा सुरू करत होते. दया वगैरे काही नव्हती, भांडायला वेळ नव्हता इतकंच.

एका सकाळी मी त्यांच्या दारात गेले. ते खटके देत होते. मग थांबत. समोरच्या माणसाला उत्तर द्यायला लागेल तेवढं थांबत, आणि पुन्हा तीच हाक. बायको चहाचा कप धरून मागे उभी. तिनं मला नजरेनंच सांगितलं, बोलू नका.

पण सुभेदारांनी मला पाहिलं. हेडफोन काढला.

"का गं, मशीन का बंद?"

"तुमचं बोलणं चाललंय ना."

"कुणाशी?" ते खेकसले. "जा. चालू कर तुझं."

मी गेले आणि चालू केलं.