हिरामावशींचा फोन आणि माझी बॅटरी वाचवायची हौस

मागच्या बुधवारची गोष्ट. सकाळी साडेदहाला हिरामावशी कामोठ्यात आमच्या दारात आल्या, मासळीची पाटी खाली ठेवली आणि आधी फोन पुढे केला... "बाय, जरा चार्जिंगला लाव."

मावशी समुद्रकाठच्या करंजा गावच्या. बुधवारी आणि रविवारी टेम्पोने आमच्या सेक्टरमध्ये मासळी घेऊन येतात. पहाटे फुल चार्ज केलेला त्यांचा फोन आमच्याकडे पोचेपर्यंत पंधरा टक्क्यांवर आलेला असायचा, आणि हे कोडं मला महिनाभर छळत होतं.

मी दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते. 'असं का होतं?' हे एकदा डोक्यात शिरलं की मला चैन पडत नाही. म्हटलं, "मावशी, बघू का आत काय चाललंय?" तर म्हणाल्या, "बघ ना. मला त्यातला काय कलतंय!"

बॅटरीचं सेटिंग उघडलं आणि बघतच राहिले. तीन गेम, दोन शॉपिंगची अॅप, एक राशिभविष्याचं, एक हवामानाचं, एक क्रिकेटच्या स्कोअरचं... मुलाने नवा फोन घेतल्यावर जुना आईला दिला होता, स्वतःच्या सगळ्या हौशीमौजीसकट. मावशींनी यातलं एकही कधी उघडलं नव्हतं, पण सगळी मागच्या मागे जागी. कुणी लोकेशन विचारतंय, कुणी जाहिराती आणतंय. रोजचा डेटा दुपारपर्यंत का संपतो तेही कळलं.

मग मला जोर चढला. एकेका अॅपचा बॅकग्राउंड डेटा बंद करत सुटले. यादीत मेसेजचं हिरवं अॅपही होतं. तिथे बोट जरा थांबलं... पण माझ्या फोनवर मी तेही बंदच ठेवते. मेसेज काय, तासाभराने आपण उघडून बघतोच की. केलं बंद.

रविवारी मावशी आल्या तेव्हा मी दारातच विचारलं, "किती टक्के?" स्वतःच फोन घेऊन पाहिलं तर चक्क अठ्ठ्याऐंशी! मी नाचायचीच बाकी होते. मावशी मात्र हसल्या नाहीत. पाटी उतरवली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"बाय, फोन मुका झालाय माजा."

मग जे सांगितलं ते असं. त्यांचा मुलगा बोटीवर असतो. परतताना किनाऱ्याजवळ नेटवर्क मिळालं की तो आईला आवाजी मेसेज टाकतो, तो ऐकला की मावशी बंदरावर जायला निघतात. शुक्रवारी पहाटेपासून वारा सुटला होता. बाकीच्या बोटी एकेक करून लागल्या, याची नाही. मुलाला फोन लावला तर त्याचा बंद.

सात ते दहा... तीन तास मावशी जेट्टीवर बसून होत्या. चहाचा घोटसुद्धा घशाखाली गेला नाही, म्हणाल्या. शेवटी शेजारची सून आली. तिने कुणाला तरी विचारायला म्हणून मावशींच्या फोनवर हिरवं अॅप उघडलं, आणि मुलाचा मेसेज धाडकन समोर आला. तो सकाळी सात वाजून दहा मिनिटांनीच पाठवलेला होता.

मी पटकन बोलून गेले, "पण मावशी, तुम्ही एकदा उघडून नाही का बघायचं?"

"उघडून? मी कंदी उघडलाय गो? तो वाजतो, वर पोराचा फोटू येतो, त्याच्यावर बोट ठेवते. मंग तो बोलतो. नाय वाजला म्हंजे नाय बोलला."

मावशींना वाचता येत नाही, हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. पण फोन हातात घेऊन बसले तेव्हा ते एकदाही आठवलं नाही. मला आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी मला तो मेसेज ऐकवला. मागे नुसता वाऱ्याचा आवाज... "आये, बोट रेवसला लावलीय. आमी सगली बरी हाव. माजी बॅटरी चाललीय, फोन बंद होल. तू भिव नको, जेवून घे." रेवस म्हणजे खाडीपलीकडचं बंदर; वाऱ्यामुळे बोट तिकडेच लावली होती. मला रडू आलं. म्हटलं, "मावशी, हे माझ्यामुळे झालं. मीच ते बंद केलं होतं."

 त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "मंग आता तूच नीट कर."

या वेळी मात्र एकेका अॅपला हात लावण्याआधी विचारत गेले. हे वाजतं का? हे वाजल्यावर तुम्ही काय करता? हिरवं अॅप सुरू केलं. हवामानाचं मी तसंच बंद ठेवणार होते, तर मावशींनी माझा हातच धरला. "तो चालू ऱ्हाऊ दे. वारा येनार असला का तो कोंबड्यासारका वराडतो." बाकीची गेम-शॉपिंगसारखी तेवढी बंद राहिली. मग माझ्या फोनवरून "हॅलो मावशी" असं बोलून पाठवलं. टिंग वाजलं, माझा फोटो वर आला, मावशींनी त्यावर अंगठा ठेवला आणि तेव्हा कुठे हसल्या.

आज मावशी आल्या तेव्हा बॅटरी बासष्ट टक्के होती. म्हणजे खादाड होते ते दुसरेच, आणि मी नेमकी पोराची वाट अडवून बसले होते.

ही पोस्ट मावशी वाचणार नाहीत. म्हणून टाकायच्या आधी हे सगळं, सॉरीसकट, त्यांना बोलून पाठवलं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला... "ऐकला गो बाय, सगला ऐकला. रविवारी बोंबील आनते, घरी ऱ्हा."